लुगडे ते काकडा : वऱ्हाडी कापडाचा उतरता प्रवास

कोजागरी उलटली की वऱ्हाडातल्या गावोगावच्या विठ्ठलमंदिरांतून पहाटेची काकड आरती ऐकू येऊ लागते. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालतो. या आरतीचे नाव ज्यावरून पडले, तो काकडा म्हणजे कापडाचा पीळ. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती कापडाची पट्टी फाडायची, तिला घट्ट पीळ द्यायचा, तेलातुपात भिजवायची आणि पेटवायची. देवासमोर जळणारे ते कापड कधीकाळी कोणाचे तरी धोतर किंवा लुगडे असते. अंगावरून उतरून ज्योतीपर्यंत पोचायला त्याला पंधरा-वीस वर्षेही लागलेली असतात.

आज शहरातल्या दुकानांत ‘पर्यावरणस्नेही’, ‘पुनर्वापरातून तयार केलेले’ अशा चिठ्ठ्या लावलेले कपडे दिसतात. त्यांची किंमत साध्या कपड्यांपेक्षा चढी असते आणि ते विकत घेणाऱ्याला आपण काही चांगले केल्याचे समाधानही मिळते. ही कल्पना नवी आणि बाहेरून आलेली आहे, असा आपला समज असतो. कापूस पिकवणाऱ्या वाशीमसारख्या जिल्ह्यात मात्र कापडाचा शेवटच्या धाग्यापर्यंत वापर ही घराघरातली रीत होती. ती रीत नेमकी कशी चालत असे, तिच्यात कोणाचे कष्ट आणि कोणाची सक्ती होती आणि ती कुठे तुटली, हे पाहिल्याशिवाय दुकानातल्या चिठ्ठीचा अर्थ लागत नाही.

एका लुगड्याचे आयुष्य

नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याने, शेतातल्या निंदण-वेचणीने ते मधल्या भागात आधी विरते. दोन्ही टोके मात्र धड राहतात. अशा वेळी बाया विरलेला भाग कापून काढत आणि उरलेली टोके एकमेकांना जोडत. या जोडाला ‘दंड’ म्हणत. पुष्कळदा दोन वेगवेगळ्या लुगड्यांचे धड भाग जोडून एक नेसण्याजोगे लुगडे तयार होई. दंडाचे लुगडे नेसून लग्नकार्याला जाता येत नसे, पण शेतात आणि घरात ते आणखी दोन-तीन वर्षे निघे.

दंडाचेही लुगडे जीर्ण झाले की ते ‘जुनेर’ ठरे. जुनेराची पहिली वाट वाकळीकडे जात असे. इतरत्र जिला गोधडी म्हणतात तीच ही वाकळ. खाली एक धड लुगडे अंथरायचे, त्यावर जुनेरांचे थर लावायचे, वर पुन्हा एक लुगडे किंवा रंगीबेरंगी तुकड्यांचे पांघरूण घालायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचे. सुगी आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या लांब दुपारी, ओसरीवर दोघी-तिघी मिळून हे काम करीत. एका वाकळीला कित्येक दिवस लागत. तो टाका केवळ थर धरून ठेवत नाही. थरांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब देते. दाट टाक्यामुळे आतले कापड गोळा होत नाही. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळी नदीवर नेऊन धुवायच्या, अशी रीत होती. म्हणजे ही वस्तू धुता येईल, वाळेल आणि पुन्हा वापरता येईल अशाच बेताने शिवलेली असे.

जुनेराची दुसरी वाट बाळंतिणीच्या खोलीकडे जाई. दुपटे, कुंची, बाळुते यांसाठी नवे कापड टोचरे. आजीच्या लुगड्याचे कापड शेकडो धुण्यांनी मऊ झालेले आणि पाणी शोषून घेणारे. बायांच्या महिन्याच्या दिवसांतही याच कापडाच्या घड्या उपयोगी पडत, जरी त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नसे. त्यानंतर चिंधी. चिंधीतून भांडे उतरवायचे फडके, मग जमीन सारवायचे पोतेरे. आणि धड उरलेल्या पट्टीचा काकडा. जळून उरलेली राख भांडी घासायला. पोतेरे झिजून संपे, उकिरड्यावर पडे आणि शेणखताबरोबर शेतात जाई. ज्या काळ्या मातीतून बोंड आले, त्याच मातीत धागा परतत असे.

या प्रवासात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे प्रत्येक टप्प्यावर कापडाकडून मागणी कमी होत जाते. नेसायला बळकट वीण लागते, वाकळीच्या आतल्या थराला तेवढी लागत नाही, पोतेऱ्याला नुसते पाणी शोषले तरी पुरते. दुसरी म्हणजे हे सगळे टप्पे कापड एकाच जातीच्या धाग्याचे, म्हणजे निव्वळ सुती असल्यामुळेच शक्य होतात.

वत्सगुल्माच्या काळापासून

कापडाचे हे उतरते टप्पे किती जुने आहेत याची एक साक्ष पाली विनयपिटकात आहे. ‘चुल्लवग्गा’तल्या कथेत राजा उदयनाच्या अंतःपुरातल्या स्त्रिया आनंदाला पाचशे वस्त्रे दान देतात. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू करणार काय, असा राजाला प्रश्न पडतो. आनंद त्याला हिशेब देतो. नवी वस्त्रे ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना वाटायची. जुन्या चीवरांचे पलंगपोस करायचे. जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी. जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणे. त्यांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकायची फडकी. शेवटी त्या फडक्यांचे तुकडे करून ते चिखलात मळायचे आणि त्याने जमीन लिंपायची. राजा समाधान पावतो आणि आणखी पाचशे वस्त्रे देतो. लुगडे ते पोतेरे हाच तो क्रम आहे.

या कथेचा वाशीमशी संबंध दूरचा, पण खरा आहे. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. त्या लेण्यात राहणाऱ्यांचे चीवर नियमानेच तुकडे जोडून शिवलेले असे. मगध देशातल्या बांध घातलेल्या शेतांसारखी त्याची मांडणी असावी, असे विनयात सांगितले आहे. काही भिक्खू तर ‘पांसुकूल’ व्रत घेत. उकिरड्यावर, वाटेवर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून त्याच पांघरायच्या, असे ते व्रत.

पण स्मशानातले कापड हा विषय आपल्याकडे इतका साधा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. मढ्यावरचे कापड घेणे हा महारांचा गावकीतला ‘हक्क’ मानला जात होता आणि गावच्या कामाच्या मोबदल्यात उतरलेली जुनेरे दिली जात, हा तर अलीकडपर्यंतचा इतिहास आहे. एकच वस्त्र एकाने आपणहून घेतले तर वैराग्य ठरते. दुसऱ्यावर ते लादले तर अपमान ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांपुढे भाषण केले, तेव्हा लुगडे कसे नेसावे हा त्यातला एक मुख्य विषय होता. जातीची ओळख सांगणारी नेसण सोडा, कपडे फाटके असले तरी ते स्वच्छ असू द्या, असा त्या सांगण्याचा गाभा होता. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षेला आलेल्या लाखो माणसांनी पांढरी शुभ्र वस्त्रे घातली. त्या शुभ्रतेमागे उतरलेले कापड नाकारण्याचा किती पिढ्यांचा अर्थ होता, हे विसरून जुन्या कापडाचे कौतुक करता येणार नाही.

याच वऱ्हाडात, याच काळात, एक माणूस उलट दिशेने चालत होता. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर 1905 मध्ये घर सोडून निघाले. अंगावर नाना चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि गाडगे. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. पुढे गाडगेबाबा हेच नाव रूढ झाले. ज्या जातीचा धंदाच दुसऱ्यांचे कपडे धुण्याचा, तिच्यातल्या माणसाने स्वतःसाठी चिंध्या निवडाव्यात आणि सगळ्या गावाला स्वच्छता शिकवावी, यात फार मोठा अर्थ आहे. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा, पाणपोया, वसतिगृहे उभारली. आपल्या अंगावर मात्र ठिगळच राहू दिले. ठिगळ म्हणजे गरिबी आणि घाण, हे समीकरण त्यांनी मोडले. वाशीमची महाविद्यालये आज ज्या विद्यापीठाखाली येतात, ते अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

काचळीवरचे आरसे

वाशीम जिल्ह्यात कापडाची आणखी एक परंपरा नांदते. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे. बंजारा वारशाचे संग्रहालय ऑक्टोबर 2024 पासून तेथे खुले झाले आहे. बंजारा स्त्रीचा फेटिया, काचळी आणि छाटिया आरसे, कवड्या, नाणी आणि दाट भरतकामाने जड झालेले असतात. हे भरतकाम शोभेचे आहेच, पण ते कापडाला बळही देते. तुकडे, अस्तर आणि टाके मिळून तयार झालेले हे जाड कापड बैलांच्या पाठीवर माल लादून हिंडणाऱ्या तांड्यांच्या जगण्याला साजेसे होते. खालचे कापड विरले तरी भरलेला तुकडा टिकतो आणि दुसऱ्या कपड्यावर चढतो.

आज अशाच जुन्या फेटियांचे आणि काचळ्यांचे तुकडे पिशव्यांवर, जाकिटांवर, उशांच्या अभ्र्यांवर शिवलेले दिसतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर आणि महानगरांतल्या हस्तकला बाजारांत त्यांना गिऱ्हाईक आहे. पुनर्वापराचे हे देखणे उदाहरण म्हणता येईल. मात्र एखाद्या आजीने महिनोन्महिने भरलेला तुकडा तिच्या घरातून किती रुपयांना निघाला आणि पिशवीवर बसल्यावर किती रुपयांना विकला गेला, यात फार मोठे अंतर असते. वाकळीचेही तेच आहे. शहरात हाताने शिवलेली गोधडी आता भेटवस्तू म्हणून विकली जाते. तिची किंमत जुन्या कापडाची नसून टाक्यांची असते, आणि टाके घालणाऱ्या बाईच्या दिवसांचा हिशेब बहुधा सर्वांत शेवटी होतो.

शॉडी : यंत्राने केलेला पुनर्वापर

हातांनी चालणाऱ्या या रीतीला यंत्राची जोड युरोपात मिळाली. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, बॅटली गावी, बेंजामिन लॉ याने 1813 मध्ये लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची पद्धत बसवली. या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध झाले, तेव्हा सैनिकांना घाईघाईने पुरवलेले असले गणवेश पावसात विरघळल्यासारखे फाटले आणि ‘शॉडी’ हा शब्द इंग्रजीत निकृष्ट मालाला कायमचा चिकटला. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इंग्रजांनी 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला तो याच काळ्या मातीवर डोळा ठेवून. पुढे मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा मार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावू लागली ती मुख्यतः कापसाच्या गाठी वाहण्यासाठी. इथला कापूस बाहेर गेला. कापड होऊन परत आले.

शॉडीचे आजचे मोठे केंद्र हरियाणातले पानिपत. श्रीमंत देशांत टाकून दिलेले कपडे, पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून आधीच कापलेले, कांडला बंदरातून तेथे पोचतात. बाया त्यांची बटणे, चेन, अस्तरे काढतात. रंगांप्रमाणे ढीग लावतात. रंगवार निवड नीट झाली की सूत पुन्हा रंगवावे लागत नाही आणि पाणी वाचते. मग दातेरी यंत्रे कापडाचे पुन्हा तंतू करतात. आपत्तीत वाटल्या जाणाऱ्या स्वस्त घोंगड्यांपैकी कितीतरी अशा चिंध्यांतून जन्मलेल्या असतात.

या पद्धतीची मर्यादा तंतूच्या लांबीत आहे. आपल्याकडच्या बहुतेक कापसाचा तंतू साधारण 25 ते 30 मिलिमीटर लांब असतो. सूत टिकते ते लांब तंतू एकमेकांना पीळ देऊन धरून ठेवतात म्हणून. यंत्राने पिंजताना तंतू तुटतात, आखूड होतात. आखूड तंतूंचे सूत जाड आणि कमकुवत निघते, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावे लागते. जगभरातल्या कपड्यांच्या कचऱ्याचा अंदाज वर्षाला सुमारे 9 कोटी 20 लाख टनांचा सांगितला जातो. भारतात जमा होणाऱ्या कापड-कचऱ्याचा 2022 मधला अंदाज सुमारे 78 लाख टनांचा होता. आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा नवे कपडे होण्याचे जागतिक प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.

बाटलीचे जाकीट

मग दुकानातले ‘पुनर्वापराचे’ कपडे येतात कुठून? बहुतेक वेळा बाटल्यांतून. पंतप्रधानांनी 8 फेब्रुवारी 2023 रोजी संसदेत घातलेले निळे जाकीट प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेले होते, तेव्हा ही गोष्ट देशभर गाजली. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक आणि पॉलिस्टरचा धागा हे रासायनिकदृष्ट्या एकच. बाटल्या धुऊन त्यांचे कपचे करतात, ते वितळवतात, बारीक छिद्रांतून ओढून तंतू काढतात. जगात तयार होणारे पुनर्वापराचे पॉलिस्टर जवळजवळ सगळे बाटल्यांपासूनच येते, जुन्या कपड्यांपासून नाही.

यात फायदा आहे. नव्या पॉलिस्टरला लागणारे खनिज तेल वाचते, ऊर्जाही कमी लागते. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. बाटलीचा शर्ट झाला की बहुधा तो तिचा शेवटचा जन्म. त्यात सूत मिसळले असेल तर तंतू वेगळे करणे आणखी अवघड. शिवाय असे कापड दर धुण्याला अतिसूक्ष्म प्लास्टिकचे तंतू पाण्यात सोडते.

उलट बाजूने, सुती म्हटले म्हणजे निर्दोष असेही नाही. एका सुती बनियनवजा शर्टामागे सरासरी 2,700 लिटर पाणी लागते, असा आकडा जगभर सांगितला जातो. वऱ्हाडातला कापूस बहुतांश पावसाच्या पाण्यावर येतो, त्यामुळे त्या सरासरीत आपला हिशेब जसाच्या तसा बसत नाही. पण त्या कोरडवाहू कापसाची किंमत शेतकऱ्याने वेगळ्या रीतीने मोजली आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने खास मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होते. पुढे इथल्या शेतात सोयाबीन पसरले. ज्या जिल्ह्याने कापूस पिकवला त्याच जिल्ह्यात आज खरिपात बोंडापेक्षा शेंग अधिक दिसते.

साखळी कुठे तुटली

जे शेतात झाले तेच अंगावरही झाले. नऊवारी सुती लुगड्याची जागा सहावारी सिंथेटिक साडीने घेतली. याला बायांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. ही साडी स्वस्त असते, रंग सोडत नाही, चटकन वाळते, इस्त्री मागत नाही आणि लवकर फाटत नाही. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईसाठी हे फायदे मोठे आहेत. ‘दंड’ हा शब्दच घरातून गेला, कारण साडी मध्येच विरेनाशी झाली.

पण कापड विरले नाही म्हणजे संपले असे नाही, ते फक्त साचत राहिले. सिंथेटिक साड्यांची वाकळ शिवता येते, शिवली जातेही. ती दिसायला झळाळते, वजनाला हलकी असते. पण घाम शोषत नाही, आतले थर सरकतात आणि चुलीची ठिणगी पडली तर तिला भोक पडून कडा वितळते. तिचे बाळुते होत नाही. पोतेरे पाणी ओढत नाही, नुसते पुढे ढकलते. उकिरड्यावर टाकले तर शेणखतातून ते जसेच्या तसे नांगराच्या फाळाला येते. आणि काकडा? तो पेटत नाही, वितळतो. त्यातून काळे, चिकट, तापलेले थेंब पडतात.

जुने कापड गोळा करून पुन्हा उपयोगात आणणाऱ्या ‘गूंज’सारख्या संस्थेलाही ही अडचण टळलेली नाही. अंशु गुप्ता यांनी 1999 च्या सुमारास सुरू केलेल्या आणि पुढे 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळवून देणाऱ्या या कामात गरजू स्त्रियांसाठी पाळीच्या कापडी घड्या तयार होतात. त्यांना कापड लागते ते सुतीच.

म्हणून पुनर्वापराचा प्रश्न कपडा टाकताना सुरू होत नाही. तो विणताना आणि विकत घेतानाच सुरू होतो. कपडा एकाच जातीच्या धाग्याचा आहे का, त्याला दुरुस्तीपुरती शिवण-माया ठेवली आहे का, तो दुसऱ्या कोणाला, दुसऱ्या कामाला उपयोगी पडेल का आणि तो शिवणाऱ्या हातांना त्यांच्या दिवसांचे मोल मिळाले का, हे चार प्रश्न कोणत्याही चिठ्ठीपेक्षा जास्त सांगून जातात. जुन्या व्यवस्थेत पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे होती. चौथ्याचे नव्हते. बाईचा टाका फुकट होता आणि उतरलेले कापड कोणाच्या वाट्याला जायचे हे जात ठरवत होती. त्यामुळे मागे जाणे हा उपाय नव्हे. धागा जुना आणि व्यवहार नवा, अशी सांगड घालता आली तरच वाकळीला ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द शोभेल.

कापड ओळखायची एक सोपी रीत शिंप्यांना आणि कापडवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कडेचा एक दोरा ओढून काडीने पेटवायचा. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राखाडी राख उरली तर सूत. आक्रसून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. दोन्ही झाले तर मिश्रण. या दिवाळीत घर आवरताना कपाटाच्या तळातून जुने कपडे निघतील, तेव्हा त्यांतला एकेक दोरा असा पेटवून पाहावा. आपल्या घरातल्या किती कपड्यांचा काकडा होऊ शकेल, हे त्यावरून समजेल.